निवळ पाण्याची वही

रोज सकाळी बाटली घेऊन रानात जाणारा आणि शुद्धीवर परत येणारा असा त्या वस्तीत एकच माणूस होता. म्हणून त्याला बाटलीदादा म्हणत. त्याचं खरं नाव फक्त हजेरीपटावर होतं. तिथेही कारकून चष्मा वर करून विचारायचा, "हे कोण?" मग मागून कुणीतरी सांगायचं, "अहो, आपला बाटली."

त्याचं काम ओढ्याचं पाणी बघायचं. वस्तीच्या वरच्या अंगाला लाकडाची गिरणी, गिरणीच्या मागून चढ, चढावर पाऊण तास चाललं की दोन खडकांच्या मधून ओढा उतरतो ती जागा. तिथे खडकाला लोखंडी पट्टी ठोकलेली. पट्टीवर पाणी कुठवर आलंय ते बघायचं. थर्मामीटर धारेत धरून शंभर आकडे मोजायचे, मग तापमान वाचायचं. शेवटी काचेची बाटली भरून पांढऱ्या पत्र्यावर ठेवायची आणि वरून आत डोकवायचं. पत्र्यावर काळ्या रेघा होत्या. त्या स्वच्छ दिसल्या तर पाणी चांगलं, पुसट दिसल्या तर अंधुक, दिसल्याच नाहीत तर गढूळ. वहीत तीन रकाने. उंची, तापमान, प्रत. तीन गोष्टी लिहिल्या की दिवसाचं काम संपलं, असं लोकांना वाटे. वस्तीतला न्हावी तर त्याला खुर्चीत बसवून म्हणायचा, "दादा, तुझ्यासारखी नोकरी मिळाली असती तर मीही लोकांचं डोकं वरून बघून सोडून दिलं असतं."

बाटलीदादा हसायचा. चौदा वर्षांत त्याने एक दिवस चुकवला नव्हता. तापात गेला, लग्नाच्या दुसऱ्या दिवशी गेला, बाप वारला त्या दिवशीही जाऊन आला. बायको म्हणायची, "त्या ओढ्याशी लग्न लावायचं होतं ना मग, मला कशाला आणलंत?"

नोकरी त्याच्या आधी त्याच्या काकाकडे होती. काका छातीने खंगत आला, चढ चढवेना, तेव्हा एका सकाळी पुतण्याला घेऊन वर गेला. सगळं शिकवणं त्या एका सकाळीत उरकलं, कारण दर चार पावलांनी काका खोकायचा आणि दोन खोकल्यांच्या मध्ये जेवढं बसेल तेवढंच बोलायचा. पट्टी दाखवली. थर्मामीटर दाखवला. बाटलीची पाळी आली तेव्हा खोकल्याची मोठी उबळ आली, आणि ती ओसरल्यावर काका म्हणाला, "हे बघ. पाणी निवळू द्यायचं. मगच बघायचं. घाई करायची नाही."

"बरं," पुतण्या म्हणाला.

दीड महिन्यात काका गेला. ते वाक्य पुतण्याने जपून ठेवलं. इतकं, की वहीच्या पहिल्या पानावर छापलेलं असायचं 'नितळ, अंधुक, गढूळ यांपैकी एक लिहावे', तरी हा 'नितळ' न लिहिता 'निवळ' लिहायचा. काकाचा शब्द कानात बसला होता. एका अक्षराचा तर फरक. खालच्या कचेरीत वही पोचली की कारकून महिन्याचा तक्ता टंकायचा आणि याचं शुद्धलेखन सुधारून 'नितळ' करून टाकायचा. चौदा वर्षांत यावर कुणी अवाक्षर काढलं नाही.

पहिली अकरा वर्षं बोलण्यासारखं काही नव्हतंच. पाणी असं, की बाटली भरलीय की रिकामी हे हातात घेतल्याशिवाय कळू नये. दोन्ही काठांवर जुनी झाडं एकमेकांत फांद्या घालून उभी होती, ओढ्यावर ऊन पडायचं ते चिल्लर सांडावी तसं. भर उन्हाळ्यातही पाणी अकरा अंशांच्या वर सरकत नसे.

मग वरच्या उतारावर तोड सुरू झाली. आधी ट्रॅक्टरसाठी रस्ते कापले, लाल मातीचे, उघडे, उतारावर ओरखडे काढल्यासारखे. ओंडके साखळीने बांधून त्याच रस्त्यांनी ओढत खाली आणायचे. पावसाची सर आली की ते रस्तेच ओढे व्हायचे आणि सगळी माती घेऊन खऱ्या ओढ्यात उतरायचे. पट्टीवरचं पाणी पूर्वी पाऊस झाल्यावर हळूहळू चढायचं आणि आठवडाभर उतरत राहायचं. आता तासाभरात हातभर चढायचं आणि दोन दिवसांत दगड उघडे. उन्हाळ्यात तापमान पंधरा झालं, मग सोळा. बाटलीदादा हे सगळं लिहीत होता. आकडे वाढत होते, पण आकडा म्हणजे आकडा.

ह्या आकड्यांवर जिचं सगळं अवलंबून होतं ती त्याची धाकटी बहीण. ओढा वस्तीत शिरतो तिथेच तिचं अंडीघर होतं. पत्र्याची लांब शेड, आत कमरेएवढ्या उंचीवर लाकडी पन्हाळी, ओढ्याचं पाणी पाइपाने आत घेऊन त्या पन्हाळींतून खेळवलेलं. पाण्यात जाळीच्या तबकड्या, तबकड्यांत माशांची अंडी, नारिंगी, वाटाण्याएवढी. थंड पाण्यातले मासे ते. अंड्यांतून पिल्लं निघाली, बोटाएवढी झाली की खालच्या तळ्यांचे मालक येऊन घेऊन जायचे. मेलेलं अंडं पांढरं पडतं. ते वेळेत उचललं नाही तर शेजारच्यालाही बुरशी धरते. त्यामुळे बहीण दिवसभर हातात चिमटा घेऊन पन्हाळीवर वाकलेली असायची. नवरा ट्रकवर होता, तेच ओंडके वाहायचा. "एक जण रान खाली नेतोय आणि एक जणी रानाखाली पाणी भरतेय," ती म्हणायची. "घर तसं दोन्हीकडून चालू आहे."

तोडीच्या तिसऱ्या वर्षी चिमटा पुरेना. सकाळी तबकड्यांवर पिठासारखा गाळ बसलेला असायचा, आणि गाळाखाली अंडी पांढरी. श्वास कोंडून मेलेली. बहीण पिसाने गाळ झटकायची, पाणी बदलायची, पाइपाच्या तोंडाला कापड बांधायची. कापड दोन तासांत चिखलाने तुंबायचं.

त्याच सुमारास कचेरीने कळवलं की तोडीचा पुढचा टप्पा ओढ्याच्या काठाचा आहे. काठावरची झाडंही जाणार. हरकती असतील तर अमुक तारखेला सुनावणी. बहिणीने लगेच अर्ज केला. दोन्ही काठांवर वीस-वीस पावलांचा झाडांचा पट्टा सोडा, एवढंच मागणं. पट्टा राहिला तर सावली राहील, मुळं माती धरतील, आणि अंडीघर कसंबसं तग धरेल. नाही राहिला तर शेड बंद.

"पुरावा काय जोडू?" तिने भावाला विचारलं.

"माझी वही आहे ना," बाटलीदादा म्हणाला. चौदा वर्षांत पहिल्यांदा त्याला कुणी वही मागत होतं. "रोजचं आहे त्यात. एकही दिवस कोरा नाही."

"गढूळ किती दिवस लिहिलंयस?"

"जसं दिसेल तसं लिहितो मी. तू उद्या चल, दाखवतो कसं असतं ते."

दुसऱ्या दिवशी दोघं वर गेली. आदल्या दिवशी पाऊस झाला होता, ओढा चहासारखा वाहत होता. बाटलीदादाने बाटली भरली, सपाट दगडावर ठेवली आणि बाटलीकडे पाठ करून कामाला लागला. पट्टी पाहिली, पट्टीवर अडकलेल्या काटक्या काढल्या, नट घट्ट आहेत का ते हाताने चाचपलं. थर्मामीटर धरला, शंभर मोजले. थर्मामीटर पुसून डबीत ठेवला. मग आणखी थोडा वेळ नुसता उभा राहिला.

"आता काय?" बहिणीने विचारलं.

"थांब. निवळू दे."

"काय निवळू दे?"

"पाणी. बाटलीतलं."

बहिणीने बाटलीकडे पाहिलं. तळाला बोटभर चिखल बसला होता. वरचं पाणी चांगलं दिसत होतं. बाटलीदादाने बाटली अलगद उचलली, तळ ढवळू नये म्हणून श्वास रोखून उचलली, पत्र्यावर ठेवली, वरून पाहिलं. तळातल्या गाळामुळे रेघा दिसेनात, तेव्हा बाटली तिरकी करून गाळ एका कडेला नेला आणि दुसऱ्या कडेने पाहिलं. दिसल्या. त्याने वही उघडली आणि लिहिलं, 'निवळ.'

बहिणीने वाकून तो शब्द वाचला. शेजारच्या दगडावर बसली. मग म्हणाली, "दादा, तू रोज असंच करतोस?"

"रोज. काकांनी सांगितलंय. पाणी निवळू द्यायचं, मगच बघायचं."

"अरे, काका पायांबद्दल बोलत असतील."

"पायांबद्दल?"

"तू ओढ्यात उतरलास की तुझ्या पायांनी तळ ढवळतो. ते पाणी वाहून जाऊ द्यायचं, ओढा निवळला की मग बाटली भरायची. भरल्यावर नाही थांबायचं. भरल्या भरल्या बघायचं."

बाटलीदादा ओढ्याकडे बघत उभा राहिला. बूट पाण्यात होते. काकाचा खोकला, ती उबळ, ते वाक्य, सगळं त्याने मनात पुन्हा लावून पाहिलं. दोन्ही बाजूंनी लागत होतं.

"अकरा वर्षं फरक पडला नाही," तो म्हणाला.

"पडणार कसा? गाळच नव्हता."

"मला वाटायचं, साहेबांना पाणी कसं आहे ते हवंय. माती किती ते कुठे विचारलंय?"

"आणि एवढा चिखल रोज तळाला बघून तुला काहीच वाटलं नाही?"

"वाटायचं की. पण वहीत वाटण्याचा रकाना नाही."

ती हसली, आणि हसता हसता तिने ओंजळीने तोंड झाकलं. दोघं उतरू लागली. गिरणीपाशी आल्यावर, करवतीच्या आवाजात, ती त्याच्या कानाशी तोंड नेऊन म्हणाली, "सुनावणीत ह्याबद्दल बोलू नकोस. तापमानाचा रकाना तर खरा आहे ना?"

"तो अगदी खरा आहे."

"मग तेवढाच वाच. अकराचं सोळा झालं, एवढं सांग. सोळा अंशांत माझी अंडी जगत नाहीत, ते मी सांगते. प्रतीचं कुणी विचारलं तरच बोल. आणि विचारलं तरी फार बोलू नकोस. तुझा स्वभाव मला माहीत आहे."

सुनावणी खालच्या कचेरीत झाली. वरच्या मजल्यावरची लांब खोली, मधोमध टेबलं जोडून केलेलं एक टेबल, भिंतीकडेला एकावर एक रचलेल्या खुर्च्या. अध्यक्ष म्हणून एक वयस्क साहेब होते, थकलेले, सौम्य. तोड करणाऱ्या कंपनीकडून एक तरुण माणूस आला होता. इस्त्रीचा सदरा, पण नखांत माती. रानात जाणारा होता. तो कुणावर आवाज चढवत नव्हता.

बहीण आधी बोलली. मेलेली अंडी तिने काचेच्या बरणीतून आणली होती, ती टेबलावर ठेवली. अध्यक्षांनी बरणी हातात घेऊन पाहिली, कंपनीच्या माणसाने पाहिली, दोघांनी जपून खाली ठेवली. मग बाटलीदादा उठला आणि चौदा वर्षांचं तापमान सांगितलं. कागद न बघता सांगितलं. खोली ऐकत होती. कंपनीचा माणूस आकडे उतरवून घेत होता आणि त्याच्या कपाळाला आठी पडत चालली होती. बहिणीने टेबलाखाली दोन्ही हात एकमेकांत घट्ट धरले होते.

"आकडे चांगले ठेवलेत तुम्ही," कंपनीचा माणूस म्हणाला. खरंच म्हणाला. मग त्याने समोरचा टंकलेला तक्ता उलटला. "एकच विचारतो. आमच्यामुळे माती ओढ्यात गेली म्हणतात. पण तोडीच्या तीनही वर्षांत तुमच्या नोंदीत पाणी नितळ आहे. एक दिवस अंधुक नाही, एक दिवस गढूळ नाही. हे बरोबर आहे ना?"

'हो' म्हटलं असतं तर मातीचा मुद्दा गेला असता, पण तापमानाचा राहिला असता. तेवढ्यावर पट्टा मिळाला असता की नाही, कुणी सांगावं. कदाचित दहा पावलांचा मिळाला असता. बहीण भावाकडे बघत नव्हती, मुद्दाम बघत नव्हती.

"मी नितळ लिहिलेलं नाही," बाटलीदादा म्हणाला.

"इथे तसंच आहे."

"ते कारकुनाचं. मी निवळ लिहितो. वही मागवा."

वही मागवली. अध्यक्षांनी पानं उलटली. निवळ, निवळ, निवळ.

"बरं, निवळ," ते म्हणाले. "अर्थ तोच ना?"

"नाही साहेब. नितळ म्हणजे मुळातच स्वच्छ. निवळ म्हणजे निवळलेलं. मी बाटली ठेवून द्यायचो. माती खाली बसली की वरचं बघायचो." तो थांबला. "माझी चूक झाली. चौदा वर्षं. पण खोटं लिहिलेलं नाही."

कारकून आधी हसला. मग खिडकीजवळचे दोघे. अध्यक्षांनीही ओठ दाबले. कंपनीचा माणूस हसला नाही. त्याला पुढचा प्रश्न विचारायचा होता आणि तो त्याने जरा नाराजीनेच विचारला.

"म्हणजे पद्धत तुम्हाला कुणी रीतसर शिकवली नव्हती."

"काकांनी शिकवली."

"किती दिवस?"

"एक सकाळ."

"थर्मामीटरही त्याच सकाळी?"

"हो."

"मग तोसुद्धा तुम्ही कसा धरता, हे आम्ही कशावरून मानायचं?"

शंभर मोजतो, असं बाटलीदादा म्हणाला. धारेत धरतो. सावलीत उभा राहतो. त्याने हवेत हात धरून दाखवलाही, बोटांत नसलेला थर्मामीटर धरून. तोवर कंपनीच्या माणसाने पेनाचं टोपण लावलं होतं.

निकाल तीन आठवड्यांनी आला. भाषा सभ्य होती. अर्जदाराचं नुकसान खेदजनक आहे. तथापि सादर केलेल्या नोंदी मोजणीच्या सदोष पद्धतीमुळे, तापमानासह, ग्राह्य धरता येत नाहीत. मातीचा व तोडीचा संबंध सिद्ध होत नाही. काठाचा पट्टा सोडण्याचं कारण दिसत नाही.

बाटलीदादा कागद घेऊन अंडीघरात गेला. बहीण वाचत असताना तो पन्हाळीपाशी उभा राहिला, चिमटा उचलला, एक पांढरं अंडं उचललं आणि ते कुठे टाकायचं ते न कळून तसाच उभा राहिला.

"मी हो म्हणायला हवं होतं," तो म्हणाला.

"तू म्हणाला असतास का?"

"नाही."

"मग बस. चहा घे." तिने कागदाची घडी घातली. "दादा, तू चुकलास ते चौदा वर्षांपूर्वी. त्या दिवशी काही चुकलं नाहीस. पण मला तुझा राग येतोय, तो येऊ दे थोडे दिवस."

थोडे दिवस म्हणता म्हणता वर्ष गेलं. काठावरची झाडं पंधरवड्यात आडवी झाली. ओढ्यावर पहिल्यांदा सलग ऊन पडलं, तळातले दगड तापले, दगडांना हिरवा चिकट थर धरला. दगड उचलला की खाली पूर्वी किडे वळवळायचे, त्यांच्या जागी आता चिखल होता. अंडीघराच्या पन्हाळी मोडून बहिणीने फळ्या जाळायला काढल्या. ती गिरणीत लागली, कापलेल्या फळ्यांची चवड रचायला. भावाशी बोलायची, पण पाण्याचा विषय निघाला की उठून जायची.

बाटलीदादाची नोकरी गेली नाही. लोकांना वाटलं होतं जाईल. उलट कचेरीने परिपत्रक काढलं. जुन्या नोंदींशी नव्या नोंदींची तुलना करता यावी म्हणून पद्धत बदलू नये. बाटलीतले पाणी पूर्ण निवळेपर्यंत स्थिर ठेवावे, त्यानंतरच प्रत नोंदवावी. 'निवळ' हाच शब्द वापरावा. खाली गोल शिक्का.

त्याने दोन वेळा भरल्या भरल्या बघून 'गढूळ' लिहून पाहिलं. दोन्ही वेळा वही लाल शाईने परत आली, 'परिपत्रक पाहावे'. मग साहेबांनी बोलावून घेतलं आणि समजुतीने सांगितलं, "अहो, तुमचीच पद्धत आहे. तुम्हीच मोडलीत तर कसं?"

तो पुन्हा बाटली सपाट दगडावर ठेवू लागला. पण आताची माती वेगळी होती, बारीक, पिठाहून बारीक, ती लवकर खाली बसेना. पूर्वी थर्मामीटर पुसेस्तोवर काम व्हायचं. आता तासभर लागायचा. पावसानंतर दोन तास, तीन तास. सावली नव्हती, म्हणून तो डोक्यावर रुमाल टाकून बाटलीसमोर बसून राहायचा. किती वेळ लागला ते लिहायला वहीत रकाना नव्हता. समासात एकदा लिहिलं, तर समासात लिहू नये अशी सूचना आली.

नऊला घरी येणारा माणूस बाराला यायला लागला, मग दोनला. एक दिवस चार वाजता आला, तोंड लालबुंद झालेलं, ओठ सुकलेले. बायको दारातच उभी होती.

"एवढा वेळ कुठे होतात?"

"निवळत नव्हतं."

"मग शेवटी निवळलं?"

"निवळेपर्यंत बसायचं असतं," तो म्हणाला आणि बूट काढायला खाली वाकला.

दुसऱ्या दिवसापासून तिने त्याच्यासोबत दुपारचं जेवण बांधून द्यायला सुरुवात केली.